बोटात घालायचं बीपी यंत्र: आकड्यावर भरवसा किती?

शाईपेन

बाबांनी (वय ७१, बीपीची गोळी चालू) बोटात घालायचं बीपी यंत्र आणलंय. बोट आत सरकवायचं, बटण दाबायचं, आतला इवलासा पट्टा फुगतो आणि पाऊण मिनिटात आकडा हजर. बाबा खूश. दंडाच्या पट्ट्यावर त्यांचा जुना राग आहे. बाही वर करा, नळी सरळ करा, आणि मग तो करकचून आवळतो.

काल सकाळी बोटावर ११८/७६ आलं. लगेच दंडावर घेतलं तर १४६/८८. बाबांचा निकाल तयार होता: "दंडाचं यंत्र जुनं झालंय." संध्याकाळी पुन्हा घेतलं. बोटावर वरचा १४४, दंडावर १४२. आता बाबा म्हणतात, "बघ, जुळलं की नाही?"

माझा प्रश्न एवढाच, की दोघांपैकी खोटं कोण हे घरच्या घरी कसं ठरवायचं? "डॉक्टरांना विचारा" हे उत्तर मला माहीत आहे. ती भेट पुढच्या महिन्यात आहे, आणि तोवर वहीत कुठला आकडा लिहायचा हा वाद रोज सकाळी होतोय.

उगाचच

माझ्याकडे असंच यंत्र चार वर्षं आहे, प्रवासात बरं पडतं. आकडा दहा-पंधराने इकडेतिकडे असेल, मान्य. पण रोज एकाच यंत्रावर बघितलं की चढउतार तर कळतो ना? वजनकाटा दोन किलो जास्त दाखवत असला तरी वजन घटतंय की वाढतंय हे कळतंच. उगाच बिचाऱ्या बाबांना दंडाच्या पट्ट्यात अडकवू नका.

दवणा

वजनकाट्याचं उदाहरण चांगलं आहे, पण ते चालतं कारण तो काटा *रोज* दोनच किलो जास्त दाखवतो. गारठ्यात चार किलो कमी आणि दुपारी दोन किलो जास्त दाखवणारा काटा असेल तर वजन घटलं की हवा बदलली, हे कसं सांगणार? बोटाच्या यंत्राची अडचण नेमकी ही आहे. (मी डॉक्टर आहे, पण इथे कुणाला तपासत नाहीये. गोळ्यांचं काय करायचं हे कृपया इथे विचारू नका.)

शाईपेन, "खोटं कोण" या प्रश्नातच थोडी गफलत आहे. दोन्ही यंत्रं आपापल्या परीने खरं बोलत असू शकतात. बोटाचं यंत्र बोटातला दाब मोजतं आणि दंडाचं दंडातला. हे दोन दाब मुळातच वेगळे असतात. १३०, १४०, १६० या आकड्यांना जो अर्थ आहे, म्हणजे कुणाला पक्षाघाताचा धोका किती, कुणाला औषध सुरू करायचं, तो सगळा दंडावर मोजलेल्या दाबावरून वर्षानुवर्षं गोळा झालेला आहे. बोटाच्या आकड्याला असं पाठबळ नाही.

आता वेगळे का, ते सांगतो. हृदयातून निघालेली लाट पुढे जाताना तिचा आकार बदलत जातो. धमन्या अरुंद आणि ताठर होत जातात, टोकाकडून लाट परत उलटते, त्यामुळे वरचा आकडा टोकाकडे चढू शकतो. तरुणांमध्ये हे जास्त दिसतं. दुसरीकडे, अगदी बारीक धमन्यांपर्यंत पोचेस्तोवर सरासरी दाब थोडा पडतो. आणि तिसरी गोष्ट सगळ्यात त्रासाची: बोटांच्या धमन्या आकसतात. हात गार पडले, माणूस घाबरला, नुकतीच सिगारेट ओढली, की शरीर सगळ्यात आधी बोटांचा रक्तपुरवठा आवळतं. दंडातल्या जाड धमनीला त्याचं फारसं सोयरसुतक नसतं. तुमच्या बाबांचं सकाळचं ११८ मला त्यातलंच वाटतं. तेव्हा हात गार होते का?

शाईपेन

होते! अंघोळीच्या आधी, अंगणात फिरून आल्यावर लगेच घेतलं होतं. हे डोक्यातच आलं नाही.

उगाचच

मग हात चोळून, गरम करून घ्या की. प्रश्न मिटला.

स्क्रूपाना

अर्धा मिटला. उरलेला अर्धा उंचीचा आहे.

मी वैद्यकीय उपकरणांच्या दुरुस्तीत आहे, म्हणून मला यातली पाण्याच्या टाकीची बाजू आधी दिसते. रक्त हा द्रव आहे. टाकी उंच आणि नळ खाली, तर नळाला जोर जास्त. हात हृदयाच्या पातळीपेक्षा जितका खाली तितका आकडा वर, आणि वर धरला तर उलट. हिशोब ठरलेला आहे: दर सेंटिमीटरला साधारण ०.७७ मिमी पारा. म्हणजे हात १५ सेंमी खाली राहिला की आकड्यात साडेअकराची भर, आणि त्यात बीपीचा काही संबंध नाही.

दंडाचा पट्टा बांधला की तो आपोआपच हृदयाच्या आसपास असतो. बोट मात्र मांडीवर, टेबलावर, खुर्चीच्या हातावर, कुठेही असू शकतं. बाबांना म्हणावं, एकदा बोट मांडीवर ठेवून घ्या, मग लगेच छातीपाशी धरून घ्या. यंत्र तेच, माणूस तोच, मिनिटही जवळपास तेच, आणि आकडे दोन.

आणखी एक आतली गोष्ट. दंडाचं असो वा बोटाचं, ही घरगुती यंत्रं वरचा-खालचा आकडा थेट मोजतच नाहीत. पट्टा फुगवून हळूहळू सोडताना धमनीच्या ठोक्यांची थरथर पट्ट्यात उतरते. ती थरथर जिथे सगळ्यात मोठी, तिथे सरासरी दाब. हा भाग मोजलेला. वरचा आणि खालचा आकडा त्या थरथरीच्या चढउतारावरून सूत्राने *काढलेला*, आणि ते सूत्र प्रत्येक कंपनी गुलदस्त्यात ठेवते. दंडात एक मोठी धमनी हाडाला लागून जाते, सिग्नल दणकट मिळतो. बोटात दोन बाजूंना दोन बारीक धमन्या, सिग्नल नाजूक, त्यात बोट जरा हललं की संपलं.

शितावरून भाताची परीक्षा होते हे खरं. पण शीत त्याच भांड्यातलं पाहिजे.

ओसरीवर

धागा वाचतेय. अवांतर होईल, पण बोटावर दाब मोजायची कल्पना काही आजची नव्हे. पट्टा बांधून मोजायची रिवा-रोच्ची यांची पद्धत १८९६ची, आणि तीनच वर्षांनी, १८९९ मध्ये, व्हिएन्नात गुस्ताव गेर्टनर यांनी बोटाचं यंत्र काढलं होतं. बोटाच्या टोकाला घट्ट रबरी कडं चढवून रक्त मागे ढकलायचं, मागच्या पेरावर हवेची अंगठी फुगवायची, मग कडं काढून हवा हळूहळू सोडायची. पांढरं पडलेलं टोक ज्या क्षणी लाल होईल तो आकडा. विचार करा, डॉक्टर बोटाकडे टक लावून बसलेत, लाली कधी येते म्हणून!

१९०५ मध्ये कोरोत्कॉफ यांनी दंडावर स्टेथोस्कोप लावून आवाज ऐकायची पद्धत मांडली आणि पुढे जगभर तीच रुजली. बोट मागे पडलं. गार बोट लाल व्हायला वेळ लावतं, ही अडचण तेव्हाही असणारच.

उगाचच

इतिहास छान. पण मग ऑपरेशनच्या वेळी बोटाला चिमटा लावतात तो कशाला? तिथे चालतं आणि घरी चालत नाही?

दवणा

तो चिमटा बहुतेक वेळा पल्स ऑक्सिमीटर असतो. त्यात रक्तातला ऑक्सिजन आणि नाडीचे ठोके कळतात, बीपी नाही. हा गोंधळ मला आठवड्यातून एकदा तरी ऐकायला मिळतो. "बोटाला लावलं तर बीपी ९८ आलं" म्हणतात, तो ऑक्सिजनचा टक्का असतो.

स्क्रूपाना

आणि जिथे खरंच बोटावर बीपी बघतात ते प्रकरण वेगळं आहे. चेक शरीरशास्त्रज्ञ यान पेन्याझ यांनी १९७३ मध्ये मांडलेली युक्ती: बोटावर छोटा पट्टा, त्यात अवरक्त प्रकाशाचा दिवा आणि तो टिपणारा सेन्सर. धमनी ठोक्यासरशी फुगू पाहते, तेवढ्यात पट्टा तितकाच दाब वाढवून तिला आहे त्याच आकाराला रोखतो. धमनी आक्रसू लागली की पट्टा लगेच सैल. हे सेकंदात कित्येक वेळा चालतं. धमनीला जागेवर धरायला पट्ट्याला जो दाब द्यावा लागतो, तोच धमनीतला दाब. पुढे डच संशोधकांनी यावरून फिनाप्रेस नावाचं यंत्र उभं केलं आणि तीच वाट आजच्या महागड्या मॉनिटरांपर्यंत आली.

अप्रतिम चीज आहे, मी उघडून बघितलंय. पण दोन गोष्टी लक्षात घ्या. अशा यंत्रांमध्ये बोट आणि हृदय यांच्या उंचीतला फरक वजा करायची सोय ठेवावी लागते. आणि बोटातल्या लाटेवरून दंडातली लाट गणिताने परत उभी करावी लागते. म्हणजे इतकं करूनही बोटाचा आकडा जसाच्या तसा वापरायला तेही तयार नाहीत. त्यांची खरी ताकद ठोक्यागणिक बदल दाखवण्यात आहे, उदाहरणार्थ उभं राहिल्यावर कुणाचा दाब किती झरकन पडतो.

बाबांच्या यंत्रात यातलं काहीही नाही.

झोपाळू

मोबाईलच्या कॅमेऱ्यावर बोट ठेवून बीपी सांगणारी ॲप्स? माझा मेहुणा त्यावर गोळी कमी करायचं म्हणतोय.

दवणा

मेहुण्यांना थांबवा. असं एक ॲप, इन्स्टंट ब्लड प्रेशर नावाचं, लाखाच्या वर विकलं गेलं होतं. कॅमेऱ्यावर बोट ठेवून फोन छातीशी धरायचा. २०१६ मध्ये त्याची रीतसर तपासणी प्रसिद्ध झाली. ज्यांचं बीपी खरोखर जास्त होतं, त्यांच्यातल्या चारांपैकी तिघांहून अधिक जणांना ॲपने जास्त नसल्याचं सांगितलं. अमेरिकेच्या व्यापार आयोगाने त्यावर कारवाई केली.

गंमत बघा, असं ॲप लोकांना *आवडतं*. नॉर्मलच्या आसपासचा आकडा दिला की कुणी तक्रार करत नाही.

ओसरीवर

मनगटी घड्याळं, अंगठ्या यांचंही तसंच का?

स्क्रूपाना

सगळ्यांना एका माळेत ओवणार नाही, पण पट्टा न फुगवणाऱ्या बऱ्याच यंत्रांना आधी दंडाच्या यंत्राने "शिकवावं" लागतं. तुम्ही १३८/८६ भरलंत की ते त्याच्या आसपासचेच आकडे देत राहतं. शांत बसलेल्या माणसावर तपासलं तर छान उत्तीर्ण. खरी परीक्षा ही, की औषधाने दाब २० ने उतरला तर त्याला ते कळतं का? म्हणून अशा यंत्रांना नेहमीची चाचणी पुरत नाही. युरोपीय तज्ज्ञांनी २०२३ मध्ये त्यांच्यासाठी वेगळ्या चाचण्या सुचवल्या आहेत, त्यात हाताची उंची, औषध, झोप, व्यायाम या सगळ्यात आकडा बदलतो का ते बघायचं.

नेहमीची चाचणी म्हणजे काय तेही सांगतो, कारण शाईपेन यांचं उत्तर त्यातच आहे. २०१८ मध्ये ठरलेल्या सामाईक मानकानुसार किमान ८५ माणसांवर यंत्र तपासतात. दोन प्रशिक्षित माणसं कानाने ऐकून संदर्भाचा आकडा घेतात. यंत्राची चूक सरासरी ५ मिमीच्या आत हवी, आणि चुकांचं विखुरणं, म्हणजे प्रमाण विचलन, ८ च्या आत. ही *दुसरी* अट लोक विसरतात. एकदा २० जास्त आणि एकदा २० कमी दाखवणाऱ्या यंत्राची सरासरी चूक शून्य येते!

आता घरची पद्धत. दोन्ही यंत्रं एका वेळी दोन हातांना लावू नका, दोन हातांत मुळातच फरक असू शकतो. एकाच हातावर आळीपाळीने घ्या: दंड, बोट, दंड, बोट, दंड. मध्ये मिनिटभर थांबा. प्रत्येक बोटाच्या आकड्याची तुलना त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या दंडाच्या आकड्यांच्या सरासरीशी करा, कारण माणसाचा दाब दर मिनिटाला हलत असतो. एका जोडीवरून काहीही ठरवू नका. संध्याकाळी जुळलं तो योगायोगही असू शकतो. निदान आठवडाभर, वेगवेगळ्या वेळांना.

दवणा

यात भर: आधी पाच मिनिटं पाठ टेकून गप्प बसवा. पाय जमिनीवर, एकावर एक नाहीत. लघवी करून आलेले. चहा, सिगारेट, चालणं यातलं काही अर्ध्या तासात नको. आणि मोजताना बाबांशी वाद घालू नका, बोलण्यानेही आकडा चढतो. नाडी अनियमित असेल तर पट्ट्याची यंत्रंही अडखळतात, तसं काही असल्यास डॉक्टरांना आवर्जून सांगा.

शाईपेन

आठ दिवसांनी येतोय, वही घेऊन. बाबांनी आश्चर्यकारक सहकार्य केलं, कारण त्यांना ते जिंकणार याची खात्री होती.

सात जोड्या. आधी दंडाची सरासरी, मग बोट, फक्त वरचा आकडा: १५०–१२४, १४८–१३९, १४६–१५१, १५४–१२१, १४८–१२८, १४४–१४२, १४५–११८. बोट सरासरी १६ ने कमी. पण एकदा ५ ने जास्त, एकदा ३३ ने कमी. ३३ वालं पहाटेचं, हात गार. ५ जास्त आलं तेव्हा हात मांडीवर राहिला होता, हे नंतर लक्षात आलं.

उगाचच

३८ चा पसारा? बरं, वजनकाटा मागे घेतो. माझ्या यंत्रावरही हे करून बघतो.

स्क्रूपाना

वही बघून बरं वाटलं. एक आगाऊ प्रश्न: बाबांच्या दंडाचा घेर मोजलात का? आणि पट्ट्यावर काय लिहिलंय?

शाईपेन

आत्ता मोजला. घेर ३६ सेंमी. पट्ट्यावर "२२–३२". अरे देवा.

दवणा

म्हणजे तुमचा न्यायाधीशच थोडा एका बाजूला झुकलेला होता. लहान पट्टा आकडा वाढवून दाखवतो. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, ज्यांना मोठा पट्टा लागतो त्यांना मधला लावला तर वरचा आकडा सरासरी ४.८ ने वाढला. त्याहून मोठा लागणाऱ्यांना मधला लावला तेव्हा १९.५ ने. करकचून आवळतं ही बाबांची तक्रार त्यामुळेही असेल. त्याच यंत्राचा मोठा पट्टा मिळतो का बघा. दुसऱ्या कंपनीचा लावू नका.

शाईपेन

मोठा पट्टा आला, त्याला पुन्हा आठवडा दिला. पुन्हा सात जोड्या: १४२–११९, १४०–१३८, १३८–१४६, १४३–११५, १३९–१२९, १४१–१२०, १३७–१३६.

सरासरी फरक १६ वरून ११ वर आला, म्हणजे बाबांचा "दंडाचं यंत्र चुकतंय" हा आरोप थोडा खरा होता आणि मी तो त्यांच्यासमोर मान्य केला. पण पसारा? ८ जास्त ते २८ कमी. ३६. जवळपास होता तेवढाच.

स्क्रूपाना

हेच बघायचं होतं. पट्टा बदलल्याने सरासरी हलली, विखुरणं हललं नाही. सरासरीची चूक वजा करता येते, विखुरण्याचं काय वजा करणार? "बोटाच्या आकड्यात ११ मिळवायचे" असा फॉर्म्युला बाबा काढतील, तर तो चालणार नाही.

शाईपेन

काढला होता. कालच.

दवणा

मोठ्या पट्ट्याचे आकडे तेवढे डॉक्टरांकडे न्या. सकाळ-संध्याकाळ दोन-दोनदा, सात दिवस, पहिला दिवस सोडून सरासरी. घरी मोजताना १३५/८५ च्या वर सरासरी गेली तर ती जास्त धरतात, आणि तुमच्या वहीत वरचा आकडा बहुतेक वेळा तिथे जातोय. बोटाच्या ११५ वर विसंबला असतात तर भेट पुढे ढकलली असतीत, हो ना?

शाईपेन

बाबांनी तसं सुचवलंही होतं.

वही आता दंडाची. मोठा पट्टा आवळत नाही, त्यामुळे कुरबूर कमी झाली. बोटाचं यंत्र टाकू देत नाहीत. फिरून आले की त्यात नाडीचे ठोके बघतात, आणि ते मी मनगटावर हात ठेवून मोजले, सहाच्या सहा वेळा बरोबर आले.